फुप्फुसातील बुरशी आणि शस्त्रक्रिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्षयाचा औषधोपचार पुरा होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर एखाद्या माणसाच्या थुंकीतून अकस्मात रक्त पडू लागले, म्हणजे घरची मंडळी हवालदिल होतात, आणि क्षय उलटला असे गृहीत धरून जुन्याच गोळ्यांचा आग्रह धरतात. क्षय उलटतो हे खरे, आणि म्हणून थुंकीची तपासणी प्रथम झालीच पाहिजे. परंतु पुनःपुन्हा तपासूनही जंतू सापडत नसतील, तर रक्ताचे कारण अन्यत्र शोधणे अगत्याचे ठरते. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसात जी विवरे मागे राहतात, त्यांत श्वासाबरोबर आलेले ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू रुजतात, आणि तंतू, श्लेष्मा व मृत पेशी यांचा एक गोळा तयार होतो; त्यास ॲस्परजिलोमा म्हणतात. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्येच क्षयी रुग्णाच्या फुप्फुसातील बुरशीचे वर्णन करून ठेवले होते. तरीही क्षय मुबलक असलेल्या आपल्या मुलखात ही शंका उशिरा घेतली जावी, याचे वाईट वाटते. हा विकार एकापासून दुसऱ्यास होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी निराळे ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही.

‘बुरशीवर औषधे निघाली आहेत, मग छाती उघडायची कशाला?’ हा प्रश्न सुशिक्षितांकडूनही येतो, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही, कारण इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांसारखी औषधे गोळ्याभोवतालच्या फुप्फुसात बुरशी पसरत असेल तेथे महिनोन्‌महिने द्यावी लागतात व उपयोगीही पडतात. परंतु औषध जाते ते रक्तावाटे, आणि या गोळ्यास स्वतःची रक्तवाहिनी नसते. तो विवरात इतका सुटा असतो की रुग्णाने कूस बदलली असता सीटी स्कॅनमध्ये त्याची जागा बदललेली दिसते. रक्त येते ते विवराच्या भिंतीतील फुगलेल्या वाहिन्यांतून, आणि त्यांना पुरवठा बहुधा महाधमनीच्या शाखांकडून होत असल्यामुळे त्यातला दाब मोठा असतो. असा स्राव जोरात झाला, तर मनुष्य रक्तक्षयाने नव्हे, श्वासमार्ग रक्ताने भरून गुदमरून दगावतो. जांघेतून नळी घालून या वाहिन्या बुजवण्याचा इलाज १९७० च्या दशकापासून रूढ आहे व तो प्राण वाचवतो. मात्र विवर जागेवर राहते, नव्या वाहिन्या फुटतात, आणि पुष्कळांना पुन्हा रक्त पडते. म्हणून ज्याच्या श्वासाची ताकद पुरेशी आहे, त्याच्या बाबतीत विवरासह फुप्फुसाचा तो खंडच काढून टाकणे हा खरा इलाज होय.

याचा अर्थ गोळा दिसला की सुरी चालवावी, असा मात्र नाही. ज्याला काहीच त्रास नाही त्याच्यावर नजर ठेवणे बहुधा पुरते. थोड्यांच्या बाबतीत गोळा आपोआप नाहीसाही होतो. जुन्या क्षयाने फुप्फुस छातीच्या भिंतीस घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे शस्त्रक्रियेत रक्तस्राव, पुढे हवेची गळती, पू साठणे हे धोके खरेच असतात, आणि ते रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजेत. दुर्बल रुग्णात खंड न काढता बाहेरून विवर उघडून केवळ गोळा काढण्याचा मार्गही असतो. बुरशीच्या ॲलर्जीने येणाऱ्या दम्यासारख्या विकारात तर शस्त्रक्रियेला सहसा स्थानच नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’, हा विकार याच्या उलट टोकाचा. त्यातला काळा रंग बुरशीचा नव्हे, तर रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा. ही बुरशी फुप्फुसात एकाच भागापुरती असेल आणि रुग्णास झेपणार असेल, तर अँफोटेरिसिन या बुरशीनाशक औषधाबरोबरच तो मृत भाग लवकर काढणे हिताचे, कारण तेथेही रक्ताविना औषध पोचत नाही.

खंड काढल्याने माणूस जन्माचा पंगू होतो ही समजूत निराधार आहे. फुप्फुसांचे खंड एकूण पाच. रोगग्रस्त खंड श्वासाच्या कामी आधीच निकामी झालेला असतो, आणि उरलेले फुप्फुस प्रसरण पावून रिकामी जागा बरीचशी व्यापते.

म्हणून वाचकांस विनंती, की पूर्वी क्षय झालेल्या कोणाच्याही थुंकीत रक्त दिसल्यास जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. थुंकीच्या तपासणीबरोबर सीटी स्कॅन व बुरशीच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी यांविषयी डॉक्टरांना विचारावे आणि छातीच्या शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. रक्त पेलाभर पडले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे, आणि रोगाची बाजू ठाऊक असल्यास रुग्णास त्याच कुशीवर निजवून न्यावे.