काळ्या वाळूचे फिरते पात्र

दख्खनच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजे विखुरलेली असून, खडक झिजल्यावर नद्यांबरोबर वाहत जाऊन ती कोकण किनाऱ्यावर, विशेषतः रत्नागिरी परिसरात, काळ्या वाळूच्या रूपाने साचली आहेत. इल्मेनाइटची घनता, म्हणजे एक घन सेंटिमीटरचे वस्तुमान, सुमारे 4.7 ग्रॅम, तर क्वार्ट्‌झची 2.65 ग्रॅम असल्याने जाड कण वाहत्या पाण्यात सहज वेगळे होतात. खरी अडचण बारीक कणांची आहे. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा व्यास निम्मा झाला की तळाशी बसण्याचा वेग चौथाईवर येतो. 10 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, इल्मेनाइटचा कण सेकंदाला जेमतेम 0.2 मिलिमीटर खाली जातो आणि पाण्याची किंचित खळबळही त्याला उचलून नेते.

म्हणून गाळमिश्रित पाणी वेगाने फिरणाऱ्या शंक्वाकृती पात्रात सोडले जाते, जिथे कणांना बाहेर रेटणारे अपकेंद्री बल गुरुत्वाकर्षणाच्या 60 पट, काही यंत्रांत त्याहूनही अधिक असते. मात्र हे बल हलक्या कणांचा वेगही त्याच प्रमाणात वाढवते, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. 15 मायक्रॉनचा क्वार्ट्‌झकण 10 मायक्रॉनच्या इल्मेनाइटइतक्याच वेगाने सरकतो. त्यामुळे नेल्सन पद्धतीच्या अशा यंत्रात पात्राच्या भिंतीवरील खाचांतल्या छिद्रांतून आत पाणी दाबले जाते, जेणेकरून त्या खाचांतील कणांचा थर सैल राहतो, जड कण त्यात शिरतात आणि हलके कण वरच्या कडेवरून वाहून जातात. हा दाब वाढला तर बारीक इल्मेनाइटही निसटते, कमी पडला तर खाचा घट्ट भरून जातात.