पुस्तक उघडे ठेवून द्यायचा पेपर

आपल्या फ्रिजच्या दारावर जे तारे चिकटवलेले असतात, ते देणारी संस्था म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली 1 मार्च 2002 रोजी ती सुरू झाली. फ्रिजला तारे देणारी ही मंडळी माणसांचीही परीक्षा घेतात, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. 2004 साली देशभर पहिली परीक्षा झाली. ती उत्तीर्ण झाले की कारखान्यातला माणूस 'एनर्जी मॅनेजर' किंवा 'एनर्जी ऑडिटर' म्हणवून घेऊ शकतो.

मॅनेजरसाठी तीन पेपर, ऑडिटरसाठी चार. पहिले तीन 150 गुणांचे: त्यांतले 50 गुण पर्याय निवडण्याचे आणि उरलेले 100 लिहून मिळवायचे. प्रत्येक पेपरात निम्मे गुण हवेतच. एकात भरपूर मिळवून दुसऱ्यातली तूट भरून काढण्याची सोय नाही. बँकेच्या ताळेबंदासारखेच हे!

माझा भाचा इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर सांभाळतो. पदविकाधारक. पदवीवाल्या इंजिनिअरला तीन वर्षांच्या अनुभवावर बसता येते, पदविकावाल्याला सहा वर्षे लागतात. याची ती कधीच भरली. चिमणीच्या धुरावरून जळण नीट जळते की नाही, हे तो लांबून सांगतो. पण लिहायला बसला की घाम फुटतो. बॉयलरमधून बाहेर जाणाऱ्या वायूचे तापमान साधारण 22 अंशांनी उतरवले, की कार्यक्षमता टक्काभर वाढते, हे त्याला हाताने माहीत आहे. गणिताने सिद्ध करायचे म्हटले की अडते.

पहिल्या पेपरात मात्र मामाची वर्णी लागली. ऊर्जेच्या पेपरात चक्क कर्जप्रस्तावाचे गणित! समजा, पंपाचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र 2 लाखांचे आणि वर्षाची बचत 80 हजारांची. म्हणजे अडीच वर्षांत पैसे वसूल. भाचा इथेच थांबत होता. मी विचारले, "आणि ते यंत्र टिकणार किती वर्षं? पुढच्या बचतीची आजची किंमत कोण काढणार?" आयुष्यभर मी अर्जदारांना हेच विचारत आलो. पंपाच्या गणिताने मात्र मलाच चकित केले. वेग एक पंचमांशाने उतरवला की वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. निदान ज्या पंपाला पाणी फार उंच चढवायचे नसते, त्याच्या बाबतीत तरी. हे तेव्हा माहीत असते तर कितीतरी प्रस्ताव मी वेगळ्या नजरेने वाचले असते.

चौथा पेपर 100 गुणांचा, दोन तासांचा आणि पुस्तक उघडे ठेवून द्यायचा. लोकांना वाटते, मग काय, मजाच! प्रत्यक्षात हाच खरा अवघड. पुढ्यात बॉयलरची, पंपाची, हीट एक्स्चेंजरची मोजमापे टाकतात आणि विचारतात, सांगा, हे यंत्र कसे चालले आहे? पाने उलटत बसणाऱ्याची वेळ उलटण्यातच जाते. पाठांतराला इथे भाव नाही, म्हणून मला हा पेपर सर्वांत प्रामाणिक वाटतो. बँकेच्या परीक्षांत असा एखादा असायला हवा होता.

चारही पेपर सुटले तरी कायद्याने बंधनकारक असलेले ऑडिट लगेच करता येत नाही. त्यासाठी अनुभव आणि मुलाखत पार करून मान्यता मिळवावी लागते. हे योग्यच आहे.

मला खुपते ते वेगळेच. एनर्जी मॅनेजर नेमण्याची सक्ती मोठ्या कारखान्यांवर आहे. 2007 मध्ये कापड उद्योगासाठी वर्षाला 3000 टन तेलाइतक्या ऊर्जेची मर्यादा ठरली. भाच्याचे प्रोसेस हाउस तिच्या खूप खाली आहे. मालक भला माणूस, पण त्याने स्पष्टच सांगितले, "पास झालास तर पेढे देईन, पगाराचं नंतर बघू." भाच्याने तरीही फी भरली. गळक्या स्टीम ट्रॅपची यादी त्याने आताच करून ठेवली आहे, प्रत्येकापुढे वर्षाचे रुपये मांडून. ती मालकाच्या टेबलावर कधी ठेवायची, निकालाआधी की नंतर, यावर सध्या आमच्या घरात दोन तट पडले आहेत.