कट्टी वेगळी, वाळीत टाकणं वेगळं

कट्टी दोघींत होते आणि मधल्या सुट्टीपर्यंत बट्टीही होते. पण साऱ्या वर्गाने मिळून एकीशी अबोला धरला, डबा खाताना तिला शेजारी बसू दिलं नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, तर तो छळच. वळ उमटत नाहीत, म्हणून आपणही ‘मुलींचं चालायचंच’ म्हणून सोडून देतो. डबा तसाच परत येणं, सोमवारी सकाळी पोट दुखणं, जिवलग मैत्रिणीचं नाव बोलण्यातून अचानक गळणं, याकडे मात्र लक्ष हवं.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम बघ्या मुलांवर भर देतो. म्होरकीला हसून साथ देणाऱ्या कमी झाल्या की तिचा जोर ओसरतो. म्हणून ‘तुला कोणी त्रास देतं का?’ एवढ्यावर न थांबता ‘आज कोण एकटं बसलं होतं?’ हेही घरी विचारू या. सीबीएसईने २०१५ मध्येच शाळांना याविषयी सूचना दिल्या आहेत. वर्गशिक्षिकांशी बोलताना त्यांचा उल्लेख जरूर करावा. मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

मंडळाच्या गणेशोत्सवातल्या गटनृत्यातही याच शाळकरी मुली असतात. यंदा तालमीतल्या जोड्या त्यांच्यावर न सोपवता आम्हीच ठरवणार आहोत.