हीटर पेटवताना खिडकी उघडा

जानेवारी २०२० मध्ये केरळहून नेपाळला गेलेले आठ पर्यटक दामन इथल्या हॉटेलात एका खोलीत झोपले. थंडी कडक होती, म्हणून गॅसचा हीटर चालू ठेवला आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पण एकही वाचला नाही. त्यांत चार लहान मुलं होती.

हिवाळ्यात आपल्याकडूनही कितीतरी कुटुंबं नेपाळ, मनाली, काश्मीरला जातात आणि खोलीत असाच चाकांवरचा हीटर मागवतात. गॅस म्हटलं की आपण गळतीला भितो. पण गळतीचा निदान वास येतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला मात्र वास उरत नाही, त्यामुळे खरा धोका नाकाला कळतच नाही.

हीटरच्या गॅसमधला एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत ऑक्सिजन असतो जेमतेम ११ किलो. मध्यम हीटर तासाला पाव किलो गॅस जाळतो. खोली पूर्ण बंद असेल, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला दोन तासही लागत नाहीत. दामन सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा मुळातच विरळ, त्यामुळे दीड तासाच्या आतच ही वेळ येते. प्रत्यक्षात फटींमधून थोडी हवा येत राहते. पण थंडीत आपण त्या फटींतही कापड कोंबतो.

ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. डोंगरात ही लक्षणं उंचीच्या त्रासाच्या नावावर खपतात. माणूस पांघरूण ओढून झोपतो आणि नेमकी तीच झोप घातक ठरते.

चांगल्या हीटरमध्ये यावर एक फार सुंदर उपाय असतो. मुख्य बर्नरशेजारी एक लहानशी ज्योत सतत जळते आणि तिचं टोक थर्मोकपल नावाच्या धातूच्या कांडीला तापवत ठेवतं. त्या उष्णतेतून काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर एक विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरतो. हीटर पेटवताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं, ते ही कांडी तापावी म्हणून. खोलीतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, कांडी थंड पडते, चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. उंचावर विरळ हवेमुळे हा हीटर वारंवार विझतो. तो बिघडलाय असं समजून काही जण ही यंत्रणाच बांधून ठेवतात. इतका जीवघेणा जुगाड दुसरा नसेल.

म्हणून हीटर मागवताना ही सोय आहे का, हे आधी विचारावं. सिलिंडर उभाच हवा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत शिरतो आणि भडका उडतो. रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहावं, बुडबुडे आले तर हीटर पेटवायचा नाही. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे गळालेला गॅस जमिनीलगत, पलंगाखाली साचतो. पडदे, अंथरूण मीटरभर लांब ठेवावं. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर लगेच बंद करावा. आणि हीटर चालू असेतो खिडकी दोन-चार बोटं उघडी राहिलीच पाहिजे. काचांवर पाणी ओघळू लागलं तर हवा कोंडली आहे असं समजावं, कारण किलोभर गॅस जळला की दीड किलोहून जास्त वाफ होते. झोपण्याआधी हीटर बंद करायचा, इथे तडजोड नाही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुठीत मावतो. प्रवासाच्या बॅगेत तो स्वेटरांच्या आधी जावा, असं मला मनापासून वाटतं.

कुणी अशा खोलीत गुंगलेलं सापडलं, तर आधी मोकळ्या हवेत आणावं आणि लगेच दवाखाना गाठावा. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं आणि तो ९८ चा आकडाही दाखवू शकतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की बंद खोलीत गॅसचा हीटर चालू होता. रक्ताची कोणती तपासणी करायची, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.