ट्रॅक्टरचे तास मोजणारी डबी

रोवणीचे दिवस आले, की कामठा परिसरात चिखलणीसाठी ट्रॅक्टरची ओढाताण सुरू होते. बांधीत पाणी साचलेले, पऱ्हे तयार आणि ट्रॅक्टर एकच! काम उरकते, पण रात्री ओसरीवर हिशेबाला बसले की वाद. मालक म्हणतो, "चार तास झाले जी." शेतकरी म्हणतो, "मीटर तर साडेतीनच दाखवतो, भाऊ." खोटे कोण? पुष्कळदा कोणीच नाही.

जुन्या ट्रॅक्टरवरचा तासमीटर म्हणजे घड्याळ नव्हे. तो इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. इंजिन ठरावीक वेगाने फिरले, तरच त्याचा तास घड्याळाएवढा भरतो. इंजिन मंद चालवले की मीटर मागे पडतो.

आता यावर एक छोटी डबी मिळते. तिच्यात लहानसा संगणक असतो. किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन तो ट्रॅक्टरची जागा काढतो. इंजिन केव्हा सुरू झाले, केव्हा बंद झाले, किती वेळ नुसते उभ्याने चालले, हे नोंदवून सिमकार्डामार्फत मोबाइलवर धाडतो. नव्या प्रवासी बसगाड्यांसाठी अशा यंत्रांचा केंद्राचा नियम १ जानेवारी २०१९ पासून आला. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले. त्यामुळे त्यांतील बहुतेकांत डिझेल मोजून सोडणारा संगणक कंपनीकडूनच बसवलेला असतो. त्याचा इशारा-दिवा लागला, तर दुर्लक्ष करू नका.

मात्र डबीवर डोळे मिटून विसंबू नये. १० आराची चौकोनी बांधी सुमारे ३२ मीटर लांब-रुंद असते. लांबी-रुंदीत दोन-दोन मीटर चूक झाली, तरी क्षेत्र एक आराहून जास्त फुगते. म्हणून तास डबीवरून घ्यावेत, क्षेत्र मात्र टेपाने मोजावे.

डबी घेण्यापूर्वी एवढे पाहा:
१. रेंज नसताना ती नोंद साठवून ठेवते काय?
२. जोडणीत फ्यूज आहे काय? चिखलपाणी लागणार नाही अशी जागा निवडली काय?
३. सिमकार्डाचा वर्षाचा खर्च किती?
४. ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहिल्यास बॅटरी उतरेल काय?

आणि मुख्य गोष्ट: तास घड्याळाचा धरायचा की मीटरचा, हे नांगी बांधीत उतरण्यापूर्वीच ठरवा. काम संपताच शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वहीत दोन ओळी लिहून घ्या आणि दोघांनी सही करा. डबी तास सांगेल. शेजारधर्म आपल्यालाच सांभाळायचा आहे.