डाव्या हाताची आरती

भाद्रपदात गोव्यात घुमट वाजवायचं तर आधी हवेशी झगडावं लागतं. बाहेर पाऊस, मांडवात माणसांची दाटी, आणि मातीच्या भांड्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं दमट हवेनं सैल पडलेलं. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक गणेशोत्सवात घुमट आरतीची स्पर्धा होती. प्रेक्षकांत बसण्याआधी मी रंगमंचाच्या मागच्या खोलीत गेलो, कारण अर्धी स्पर्धा तिथेच ठरते असं ऐकलं होतं. कोपऱ्यात एक मोठा हॅलोजन पेटवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर आठ-दहा घुमटं ओळीनं मांडली होती. एक पोरगा मधूनमधून ती फिरवत होता. एका पथकातले वयस्क वादक प्रत्येकावर एक टिचकी मारायचे, कान जवळ न्यायचे आणि मानेनंच सांगायचे : हे झालं, ते अजून राहू दे.

हे तापवणं नाजूक असतं. तबल्याला वादी असते, गट्टे असतात, हातोडी असते. ऐन मैफलीत सूर उतरला तरी चार ठोके देऊन तो जागेवर आणता येतो. घुमटाला तशी सोय नाही. ओलं कातडं मडक्याच्या काठावर ताणून घट्ट आवळायचं आणि वाळू द्यायचं. एकदा वाळलं की पुढे वादकाच्या हाती फक्त ऊब उरते. कमी तापलं तर आवाज बोदा येतो आणि जास्त तापलं तर कातडं तडकतं. शिवाय पथक मंचावर गेल्यापासून हवा पुन्हा आपलं काम सुरू करते, त्यामुळे थोडं जास्तच तापवून न्यायचं असतं. हे थोडं म्हणजे किती, ते टिचकीच सांगते.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं असतं, लहान तोंड उघडं. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिलं, तिची शिकार गुन्हा ठरली आणि हळूहळू बकऱ्याचं कातडं आलं. जुने वादक आजही सांगतात की घोरपडीच्या पातळ कातड्याचा टणत्कार वेगळाच होता. पण ते सांगताना त्यांच्या मांडीवर बकऱ्याच्याच कातड्याचं घुमट असतं आणि ते उत्तम वाजत असतं. वाद्य बदललं, त्यासोबत हातही बदलले. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ती या बदलातून तरून आलेल्या घुमटाला.

वाजवताना उजवा हात कातड्यावर पडतो आणि प्रेक्षकाला तेवढाच दिसतो. डावा हात मागच्या लहान तोंडाशी असतो. तळहात तोंडावरून दूर झाला की मडक्यातली हवा मोकळी होते आणि खोल हुंकार बाहेर पडतो. तळहात जवळ आला की तो हुंकार दबतो, वळतो, कधी मध्येच गिळला जातो. म्हणजे ताल उजव्या हाताचा आणि बोलणं डाव्याचं. नवशिका आधी उजवा हात शिकतो आणि तेवढ्यानंच घुमट आलं असं त्याला वाटतं. मागच्या खोलीत त्या वयस्क वादकांनी एका पोराचा उजवा हात धरून ठेवला आणि नुसता डावा हलवायला लावला. आवाज काहीच नाही. तरी ते पाहत होते आणि पुन्हापुन्हा म्हणत होते, "सवकास रे बाबा, सवकास."

घुमटासोबत शामेळ असतो. तोही मातीचाच, पण दोन काठ्यांनी वाजवायचा. घुमटाच्या घुमाऱ्यात त्याचा कोरडा, टोकदार आवाज वेगळा उठून दिसतो. जोडीला कांशाचं जड कांसाळें आणि झांजा. मुख्य गायक आरतीची ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. घरी, वाड्यावर कोंकणीत बोलणारी ही माणसं देवासमोर उभी राहिली की मराठीत गातात, आणि त्यात त्यांना काही वेगळं केल्यासारखं वाटत नाही. आरत्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या घरात असतात, पण मांडवात त्या कुणी उघडत नाही.

हेच घुमट होळीच्या सुमारास शिगम्यात वाजतं. सुंवारी या वादनप्रकारात फाग, चंद्रावळ, खाणपद या गाण्यांना साथ देतं. ख्रिस्ती घरांत मांडो-दुलपद या गाण्यांच्या वेळी व्हायोलिनच्या शेजारी बसतं. त्याचा धर्म प्रसंगाप्रमाणे ठरतो. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, मात्र त्याचा मुक्काम गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली असतो. वाड्यावरची मंडळी एका घरून दुसऱ्या घरी जातात, प्रत्येक गणपतीसमोर आरत्या होतात. तिथे प्रेक्षक असा कुणी नसतोच. जो गात नाही तो टाळ्या देतो, जो टाळ्या देत नाही तो पुढच्या आरतीची आठवण करून देतो. वेळेचं बंधन नसतं, त्यामुळे आरती संथ सुरू होते, बराच वेळ संथच राहते, आणि लय चढते तेव्हा कुणी ती चढवली हे सांगता येत नाही.

मंचावर हे सगळं उलटं होतं. समोर प्रेक्षक, बाजूला परीक्षक, हातात ठरलेली मिनिटं. आणि मध्ये ध्वनिक्षेपक. त्या संध्याकाळी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यानं सगळे माइक कातड्यांसमोर लावले होते. कुणालाही तेच सुचेल, कारण हात पडतो तो तिथे. परिणाम असा झाला की पहिल्या पथकाची थाप खणखणीत ऐकू आली, पण मागच्या तोंडातून येणारा हुंकार वाटेतच राहिला. दुसऱ्या पथकातल्या एका बाईंनी मंचावर येताच एक माइक उचलून मागच्या बाजूला, थोडा दूर ठेवायला सांगितला. अगदी जवळ नेला तर नुसतं घोंघावतं, हे त्यांना ठाऊक होतं. गोव्यात आता बायकांची घुमट पथकं पुष्कळ आहेत, आणि त्यांना ही संधी मुख्यतः अशा मंचांनी दिली. म्हणून मंचाला सरसकट नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

पण मिनिटांचं काय? एका तरुण पथकानं दुसऱ्याच कडव्यात लय दुप्पट केली. मांडव उसळला, शिट्ट्या पडल्या. उजवे हात इतके वेगात होते की नजर ठरेना. मी डाव्या हातांकडे पाहत होतो. ते थांबले होते. एवढ्या वेगात तळहात मागेपुढे करायला अवधीच मिळत नाही. तो तोंडापासून दूर, नुसता भांडं सावरून असतो. घुमट वाजत होतं पण बोलत नव्हतं. आणि एवढ्या लवकर वर गेल्यावर पुढे जायला जागाही उरली नव्हती, त्यामुळे उरलेली मिनिटं त्यांनी नुसत्या जोरावर काढली.

त्यांच्यानंतर त्या वयस्क वादकांचं पथक आलं. त्यांनी वेळेतला मोठा हिस्सा संथ लयीवर खर्च केला. सुरुवातीला मांडवात चुळबुळ झाली, मागच्या रांगेतून कुणी चहाला उठलं. सगळ्या वादकांची नजर कांसाळेंवाल्यावर होती. तो क्षणभर आधी हात उचलायचा आणि लय केसभर पुढे सरकायची. तेवढ्यानं गाणाऱ्यांचा श्वास बदलायचा, श्वासामागे शामेळ आणि शामेळामागे घुमटं. घाट चढणारा अनुभवी माणूस पायाकडे न बघता चालतो, तशी ही चढण होती. शेवटच्या कडव्याला तेही त्या तरुण पथकाइतक्याच वेगात पोचले, पण तोवर प्रत्येक हुंकार कानांत बसलेला असल्यामुळे डावे हात थांबले तरी पोकळी जाणवली नाही. पुढच्या रांगांतले लोक केव्हा गायला लागले ते त्यांनाही कळलं नसावं.

पहिला क्रमांक याच पथकाला मिळाला. परीक्षकांपैकी एकजण स्वतः वादक होते. निकाल सांगण्याआधी ते एवढंच म्हणाले की टाळी लयीला पडते आणि आम्ही गुण चढणीला दिले. शिट्ट्या मिळवलेल्या पोरांचे चेहरे पडले, पण नंतर त्यातलेच दोघे मागच्या खोलीत कांसाळेंवाल्याशी बोलताना दिसले.

स्पर्धेनं लोककला मरते असं म्हणणं सोपं आहे. माझ्या डोळ्यांसमोर तिनं एक वाईट सवय वाढवली आणि तीच सवय पकडलीही. फरक पडला तो मंचामागच्या निर्णयांमुळे : माइक कुठे ठेवायचा, वेळ किती द्यायचा, गुण देणारा कुठून ऐकतो. घुमटाला वारशाचा दर्जा कागदावर मिळालाच आहे. तो मांडवात उतरवायचा असेल तर आयोजकांनी दोनच गोष्टी कराव्यात. प्रत्येक घुमटाच्या मागच्या तोंडालाही माइक द्यावा, आणि संथ चालीसाठी पाच मिनिटं वाढवून द्यावीत. बाकीचं डावा हात बघून घेईल.