डिकीतला दणका: वॉट नंतर, पेटी आधी

गाडीत बेस कमी वाटला की बहुतेक जण जास्त वॉटचा ॲम्प शोधायला निघतात. जरा थांबा! वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे तब्बल दहापट वॉट. आणि खोक्यावर छापलेला पीएमपीओचा भलामोठा आकडा मनावर घेऊच नका, आरएमएस वॉट तेवढे खरे.

मग दणका येतो कुठून? आधी तर गाडीतूनच. ४० हर्ट्झच्या सुराची लहर साडेआठ मीटर लांब असते आणि आपली हॅचबॅक चार मीटरच्या आत. लहर आत मावतच नाही, त्यामुळे सबवूफरचा कोन केबिनमधली सगळी हवाच एकदम दाबतो आणि सोडतो. सूर जितका खोल, तितकी ही मदत जास्त. याला ‘केबिन गेन’ म्हणतात. दिवाणखान्यात ठेवलेल्या त्याच सबवूफरला असा आधार मिळत नाही. काच खाली केलीत की दाब निसटतो आणि बेसही त्याच्यासोबत जातो.

पण खरी जादू पेटीत आहे आणि दुर्दैवानं सगळ्यात जास्त काटकसर तिथंच होते. कोणत्या स्पीकरला केवढी पेटी हवी, याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते सिडनीत विस्तारलं. सबवूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असं जे काही दिसतं, ती या दोघांची देणगी. बंद पेटी नेमका, आवळ ठोका देते. पोर्टवाली पेटी तिच्या ठरावीक सुराच्या आसपास तेवढ्याच वॉटमध्ये जास्त गरजते, मात्र त्या सुराच्या खाली कोनावर हवेचा लगाम उरत नाही आणि तो बेफाम हलून फाटू शकतो. म्हणून पोर्टवाल्या पेटीबरोबर ॲम्पचा सबसॉनिक फिल्टर चालू ठेवायचाच. सांध्यातून हवा गळत असेल, तर कुठलीही पेटी वाया गेली म्हणून समजा. जाड एमडीएफ, भरपूर गोंद आणि आतून सीलंट यांवरचा खर्च वसूल होतो.

फुकटातली युक्ती हवी? ॲम्पवरचं फेजचं बटण ० वरून १८० वर न्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. ज्या बाजूला बेस भरीव लागेल ती तुमची. सबवूफर आणि पुढचे स्पीकर उलटसुलट ढकलाढकली करत असतील, तर ८० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना चक्क पुसून टाकतात. दोन सबवूफरपैकी एकाच्या प्लस-मायनसच्या तारा चुकल्या तरी तेच!

तारेचा हिशेबही चक्रावणारा आहे. १००० आरएमएस वॉटचा चांगला ॲम्प पूर्ण जोरात १४ व्होल्टवर जवळपास ९० अँपिअर ओढतो. बारीक तारेत व्होल्टेज पडतं, ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात आणि बेस फुसका होतो. जाड तांब्याची तार घ्या, बॅटरीजवळ फ्यूज लावा आणि अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून पत्रा उघडा करा.

आवाज हळू असताना बेस गायब का होतो? तो दोष तुमच्या सिस्टमचा नाही. आपला कानच खालच्या सुरांना मंद आहे, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं. म्युझिक सिस्टमवरचं ‘लाउडनेस’चं बटण त्यासाठीच असतं. मात्र ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो पिळत गेलात तर ॲम्प क्लिप होतो आणि सबवूफरची कॉइल जळते.

शेवटी ३० ते ८० हर्ट्झचे सूर एकामागून एक वाजवा आणि कुणाला तरी डिकीमागे उभं करा. नंबरप्लेट खडखडते का? मागे फोमची टेप चिकटवा. मग डिकीचं झाकण, पार्सल ट्रे आणि सीटबेल्टची बकलं तपासा.